पदवीनंतरच्या तीन वर्षांचा हिशेब ठेवा

प्रति,
मा. कुलगुरू,
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ,
गणेशखिंड, पुणे



मी रहाटणीत राहते आणि संध्याकाळी वाणिज्य शाखेच्या मुलामुलींना अकाउंट्स आणि कॉस्टिंग शिकवते. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं पिंपरी, आकुर्डी, चिंचवड, थेरगाव या भागांतल्या, आपल्या विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांत शिकतात. कुणाचे आईवडील लातूर, बीड, नांदेड, परभणीकडून कामासाठी इकडे आले आणि नखाते वस्तीत किंवा काळेवाडीत भाड्याच्या खोलीत स्थिरावले. कुणी एकटंच आलंय, कॉट बेसिसवर राहतं, मेसचा डबा लावतं आणि महिन्याच्या शेवटी गावाकडे पैसे पाठवतं. या मुलांच्या घरात पदवीपर्यंत पोचणारं पहिलं माणूस म्हणजे तेच.

त्यांच्या वतीने आपल्याकडे एकच मागणी घेऊन आले आहे. विद्यापीठातून पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यांचं तीन वर्षांनी आर्थिकदृष्ट्या काय झालं, याची महाविद्यालयनिहाय नोंद विद्यापीठाने ठेवावी, ती दरवर्षी अधिसभेपुढे ठेवावी आणि आपला बृहत् आराखडा त्या नोंदीवर बेतावा. ही मागणी का, आणि ती मान्य झाली तर काय बदलू शकेल, एवढंच या पत्रात सांगायचं आहे.

आमच्या शहरातली माणसं वर कशी आली, हे आधी पाहू या. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली आली. १९६२मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली आणि त्या दशकात आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को असे मोठे कारखाने उभे राहिले. टेल्कोने इथे पाय रोवताना प्रशिक्षण विभागावर भर दिला. खेड्यातून आलेली मुलं तिथे यंत्रावर हात बसवून कारागीर झाली. दहावी किंवा आयटीआय झालेला मुलगा ॲप्रेंटिस म्हणून आत जायचा, काही वर्षांत परमनंट व्हायचा. मग दर काही वर्षांनी वेतनकरार, पतपेढीचं कर्ज, प्राधिकरणात किंवा गुंठेवारीत घर, मुलांना इंग्रजी शाळा. कोरडवाहू शेतीतून आलेलं कुटुंब एका पिढीत मध्यमवर्गात गेलं. त्या प्रवासात विद्यापीठाचा वाटा फार थोडा होता. कारखान्याचं कायम नियुक्तीपत्र हीच त्या काळातली खरी पदवी होती.

आता ते पत्र मिळेनासं झालं आहे. बजाजचं आकुर्डीतलं वाहन उत्पादन २००७मध्ये थांबलं. वाहन उद्योग चाकणकडे वाढला. बजाज, महिंद्रा, मर्सिडीज, फोक्सवॅगन असे मोठे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य छोटे कारखाने तिथे आहेत. काम आहे, भरपूर आहे. पण गेटवर उभ्या राहणाऱ्या तरुणाला मिळतं ते कंत्राटदाराचं ओळखपत्र, किंवा ठरावीक महिन्यांचं ट्रेनी म्हणून बोलावणं. मुदत संपली की दुसरी कंपनी, दुसरा कंत्राटदार, पुन्हा पहिल्या दिवसाचा पगार. परमनंट हा शब्द वडिलांच्या तोंडी आहे, मुलाच्या तोंडी नाही.

म्हणून घराने आपली सगळी आशा पदवीवर ठेवली आहे. वडिलांना जे कारखान्याने दिलं ते मुलीला विद्यापीठ देईल, असं आई धरून चालते. हा भार विद्यापीठाने मागून घेतलेला नाही, हे मला समजतं. पण तो आलेला आहे, आणि आपल्याकडे ही सगळी कुटुंबं त्याच भरवशावर मुलं पाठवत आहेत.

आता बी.कॉम.च्या एका साध्या विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो ते पाहा. सकाळी महाविद्यालय, दुपारी जेवण करून रहाटणी फाट्यावरून कंपनीची बस, सेकंड शिफ्ट, रात्री उशिरा घरी. आठवड्याला शिफ्ट बदलली की सकाळचं महाविद्यालय बुडतं. हजेरी कमी भरते, अंतर्गत गुण जातात, एटीकेटी लागते. दुसऱ्या वर्षाचा एक विषय तिसऱ्या वर्षापर्यंत ओढत न्यावा लागतो. परीक्षा ऐन ओव्हरटाइमच्या दिवसांत येते, सुट्टी मागितली तर कंत्राटदार दुसरा माणूस लावतो. अशी मुलं अभ्यासात कच्ची असतात म्हणून मागे पडत नाहीत. मी त्यांना शिकवते, त्यांचं डोकं मला माहीत आहे. एखादा मुलगा स्टोअरमध्ये काम करत असल्यामुळे मालाची नोंद, वजावट, शिल्लक हे सगळं पुस्तकापेक्षा चांगलं सांगतो. तरीही तिसरं वर्ष संपता संपता त्याचे दोन विषय राहतात आणि मग ते राहूनच जातात. त्याच्या बायोडेटावर पुढे कित्येक वर्षं ‘बी.कॉम. अपिअर्ड’ असं लिहिलेलं असतं.

आणि जो पास होतो त्याचं काय? अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३च्या ‘स्टेट ऑफ वर्किंग इंडिया’ अहवालाने एक गोष्ट स्पष्ट दाखवली. २५ वर्षांखालच्या पदवीधरांमध्ये बेरोजगारीचं प्रमाण ४२ टक्क्यांच्या वर होतं, आणि पस्तिशी ओलांडलेल्या पदवीधरांमध्ये ते पाच टक्क्यांच्या आत आलेलं होतं. म्हणजे कधी ना कधी बहुतेकांना काहीतरी काम मिळतं. प्रश्न उरतो तो हा, की कोणतं काम, किती पगाराचं, आणि त्या कामाला पदवी लागत होती का? त्या अहवालानेही हाच प्रश्न विचारला आहे. आमच्या भागात या प्रश्नाचं उत्तर मला रोज समोर दिसतं. पदवी झालेला मुलगा आणि बारावीनंतर थेट लाइनवर गेलेला मुलगा एकाच बसमधून, एकाच कंत्राटदाराकडे, जवळजवळ एकाच पगारावर जातात. फरक एवढाच की पहिल्याने शिक्षणात तीन-चार वर्षं आणि घरचे पैसे घातलेले असतात.

पण हे माझ्या वर्गातलं चित्र आहे. संपूर्ण विद्यापीठाचं चित्र असंच आहे की याहून बरं, हे मी सांगू शकत नाही. ते सांगण्याची सोय फक्त विद्यापीठाकडे आहे.

आपल्याकडे आज माहिती नाही असं नाही. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणासाठी दरवर्षी प्रवेशाचे आकडे जातात. नॅकचं मूल्यांकन आलं की किती मुलांना नोकरी लागली आणि किती पुढे शिकायला गेली, हे महाविद्यालयं दाखवतात. त्यासाठी त्या वर्षी ऑफर लेटरच्या प्रती गोळा करण्याची धावपळ प्रत्येक प्राध्यापकाला ठाऊक आहे. एनआयआरएफ तर नोकरी लागलेल्या पदवीधरांचा मध्यक पगारही विचारते, आणि आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थी किती व संपूर्ण फी परत मिळालेले किती हेही विचारते. पण विद्यापीठाच्या क्रमवारीत दिसतात ते गणेशखिंडीतल्या विभागांचे आकडे. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतल्या शेकडो संलग्न महाविद्यालयांत शिकणारी लाखो मुलं त्यात नसतात. आपल्या विद्यापीठाची पदवी घेणारे खरे बहुसंख्य विद्यार्थी तेच आहेत.

शिवाय ऑफर लेटर हा पहिल्या दिवसाचा कागद आहे. त्या मुलाची नोकरी सहा महिन्यांत सुटली का, पगार वाढला का, पीएफ भरला जातो का, हे त्यावर कधीच कळणार नाही. म्हणून मी तीन वर्षांचा आग्रह धरते. तीन वर्षांत ट्रेनीच्या दोन-तीन मुदती संपून जातात. तरुण कुठे स्थिरावतोय की नुसता फिरतोय, हे तोवर कळतं.

हे जगात कुणी करून पाहिलं आहे का? अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली अमेरिकेतल्या तीन कोटींहून अधिक विद्यार्थ्यांच्या करनोंदी तपासून प्रत्येक महाविद्यालयाचं एक प्रगतिपुस्तक मांडलं. सर्वांत गरीब वीस टक्के कुटुंबांतून किती मुलं त्या महाविद्यालयात येतात आणि त्यांपैकी किती पुढे सर्वांत जास्त कमावणाऱ्या वीस टक्क्यांत पोचतात, एवढाच त्यांचा प्रश्न. त्या यादीत वरच्या जागी हार्वर्ड किंवा येल नव्हतं. लॉस एंजेलिसमधलं कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठ पुढे होतं, जिथे कामगारांची आणि स्थलांतरितांची मुलं शिकतात. तिथल्या दर दहा विद्यार्थ्यांमागे जवळजवळ एक जण तळातून वर पोचलेला होता. नामवंत विद्यापीठांत पोचल्यावर गरीब मुलंही चांगली पुढे जात होती, पण मुळात तिथे प्रवेशच मोजक्या गरीब मुलांना मिळत होता. पुढे २०२५मध्ये अमेरिकेतल्या उच्च शिक्षण संस्थांच्या कार्नेगी वर्गीकरणाने कोणाला प्रवेश मिळतो आणि पुढे कमाई किती होते, या दोन्ही गोष्टी धरून संस्थांची स्वतंत्र वर्गवारी केली.

मला यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. असा हिशेब मांडला की ज्या महाविद्यालयांना आपण दुय्यम समजतो त्यांचं काम उजेडात येतं. पिंपरीचं रयत शिक्षण संस्थेचं महात्मा फुले महाविद्यालय, आकुर्डीचं प्रा. रामकृष्ण मोरे महाविद्यालय, राजगुरुनगरचं हुतात्मा राजगुरू महाविद्यालय यांसारख्या संस्थांत कष्टकऱ्यांची आणि शेतकऱ्यांची मुलं शिकतात. यांतली कोणती संस्था किती मुलांना वर नेते, हे आज कुणीच सांगू शकत नाही. कदाचित एखादं छोटं महाविद्यालय फार मोठं काम करत असेल आणि त्याच्या पद्धती इतरांनी उचलण्यासारख्या असतील. नोंदच नसल्यामुळे ते काम तिथल्या तिथे राहतं.

आपल्याकडे करनोंदींवरून हे करता येणार नाही. आमच्या भागातल्या तरुणांची कमाई प्राप्तिकराच्या कक्षेतच येत नाही. पण विद्यापीठाला ते दुसऱ्या वाटेने सहज जमेल. शिष्यवृत्ती आणि फीसवलतीसाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला महाविद्यालयं घेतातच, म्हणजे मूल कुठल्या घरातून आलं याची निम्मी नोंद कपाटात आहे. उरलेली निम्मी तीन वर्षांनी एका फोनवर मिळेल. प्रश्न पाचच पुरेत. सध्या काम आहे का? ते कायम आहे, कंत्राटी आहे की स्वतःचं? पीएफ आणि ईएसआय भरलं जातं का? महिन्याची कमाई कोणत्या गटात येते? आणि या कामाला पदवीचा उपयोग झाला का? ज्यांची पदवी अर्धवट राहिली त्यांनाही फोन करावा आणि ती कशामुळे राहिली एवढं विचारावं.

हे फोन कुणी करायचे? विद्यापीठाच्या कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजनेतले विद्यार्थी ते करू शकतात. ग्रंथालयातलं, बागेतलं, कार्यालयातलं काम जसं योजनेत धरलं जातं, तसंच हे सर्वेक्षणही धरलं जावं. संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्राच्या विभागांनी नमुना कसा निवडायचा हे ठरवावं. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे प्रत्येकाची संमती प्रवेशाच्या वेळीच घ्यावी, नावं गुप्त ठेवावीत आणि फक्त एकत्रित आकडे जाहीर करावेत. यासाठी नवी इमारत नको, मोठी तरतूद नको.

आकडे जाहीर करताना एक न्याय मात्र सांभाळला पाहिजे. ज्या महाविद्यालयात गरीब मुलं जास्त, त्याचा सरासरी पगार साहजिकच कमी दिसेल. तेवढ्यावरून त्याला नापास ठरवलं तर महाविद्यालयं अशा मुलांना प्रवेश द्यायलाच कचरतील. म्हणून मूल कुठून आलं आणि कुठे पोचलं, हे दोन्ही शेजारी शेजारी छापलं जावं.

आता नियोजनाकडे वळते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६प्रमाणे विद्यापीठ पाच वर्षांचा बृहत् आराखडा करतं. सध्याचा २०२४ ते २०२९चा आहे. आराखड्याची चर्चा सुरू झाली की नवीन महाविद्यालयांचे स्थळबिंदू कुठे, कोणता अभ्यासक्रम कुठे, यावरच ती फिरते. तेही गरजेचं आहे. पण तीन वर्षांनंतरचे आकडे समोर असते तर या आराखड्यात काय काय आलं असतं, याचा विचार करू या.

पहिलं, वेळापत्रक. पिंपरी-चिंचवड आणि खेड तालुक्यात शिफ्टमध्ये काम करणारे विद्यार्थी किती आहेत हे कळलं की त्यांच्यासाठी फिरत्या शिफ्टला जुळणारे वर्ग आखता येतील. एकच तास सकाळी आणि तोच संध्याकाळी पुन्हा झाला, तर मुलाला शिफ्टप्रमाणे कोणत्याही एका तासाला बसता येईल. दोन-तीन शेजारच्या महाविद्यालयांनी मिळून हे करणं अवघड नाही. राहिलेल्या एक-दोन विषयांसाठी सुट्टीच्या दिवशी विशेष वर्ग आणि जवळचं परीक्षाकेंद्र एवढं मिळालं तरी ‘अपिअर्ड’वर अडकलेली कितीतरी मुलं पदवीधर होतील.

दुसरं, कामातलं प्रशिक्षण. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आपल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून लागू झालं. त्या वर्षी प्रथम वर्षाला बसलेली तुकडी २०२६-२७मध्ये तिसऱ्या वर्षाला पोचते आणि शेवटच्या सत्रात चार क्रेडिटचं, म्हणजे साधारण १२० तासांचं ऑन जॉब ट्रेनिंग तिच्या वाट्याला येतं. मला यात मोठी संधी दिसते आणि तेवढीच काळजीही वाटते. ओळखीपाळखी असलेल्या घरातली मुलं चांगल्या कार्यालयात जातील. ज्याला ओळख नाही तो जवळच्या दुकानातून शिक्का मारून प्रमाणपत्र आणेल, किंवा विनावेतन पॅकिंग करून देईल. जो आधीच स्टोअरमध्ये किंवा क्वालिटीत काम करतो आहे, त्याचं तेच काम अभ्यासक्रमात धरून त्याला हिशेब, साठा आणि खर्चाची नोंद शिकवता आली तर त्याचं काम आणि शिक्षण एकमेकांचे वैरी राहणार नाहीत. युजीसीने २०२०मध्ये शिकाऊ उमेदवारीसह पदवीची मार्गदर्शक तत्त्वं दिलेली आहेत. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१चा आहे. २०१४च्या दुरुस्तीनंतर कला-वाणिज्याच्या पदवीधरांनाही त्यात दार उघडं झालं, आणि तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांनी मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत असं नियम सांगतो. चाकण, भोसरी, तळवडे इथे असे कारखाने किती असतील! पिंपरी-चिंचवड आणि चाकणसाठी विद्यापीठाने एक सामायिक कक्ष उघडला आणि सगळ्या महाविद्यालयांच्या वतीने कंपन्यांशी करार केले, तर छोट्या महाविद्यालयातल्या मुलीलाही विद्यावेतनासह शिकाऊ उमेदवारी मिळेल. एकेकट्या प्राचार्यांना कंपनीचं गेट ओलांडणं जड जातं. विद्यापीठाच्या नावाला तसा अडसर नाही.

तिसरं, मधेच बाहेर पडण्याची सोय. नव्या रचनेत एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. अडचणीत सापडलेल्या विद्यार्थ्याला हा मोठा आधार आहे. पण बाहेर कोण पडतं, यावर नजर ठेवलीच पाहिजे. सुखवस्तू घरातली मुलं चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतील आणि कामगाराची मुलगी एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर घरी बसेल, असं होऊ लागलं तर ती सोय राहणार नाही, गळती होईल आणि तिला नियमाचा आधार मिळालेला असेल. बाहेर पडलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याशी दरवर्षी संपर्क साधणं आणि परत येण्यासाठी त्याची क्रेडिट्स कुठे जमा आहेत, काय भरायचं आहे हे त्याला सांगणं, ही विद्यापीठाची जबाबदारी ठरावी.

चौथं, पैशांची वेळ. शासनाने जुलै २०२४मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क संपूर्ण माफ केलं. हा फार मोठा निर्णय आहे आणि माझ्या ओळखीच्या घरांत त्याने मुलींची लग्नं पुढे ढकलली गेली आहेत. पण फी हा खर्चाचा एक भाग झाला. बसचा पास, मोबाइल, पुस्तकं, राहणं हे त्याबाहेर राहतं. शिवाय महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात आणि तोवर महाविद्यालय विद्यार्थ्याकडेच तगादा लावतं. परीक्षेचा अर्ज अडवला जाईल या भीतीने खासगी सावकाराकडून पैसे घेतलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. शिष्यवृत्ती मंजूर आहे पण जमा झालेली नाही, अशा विद्यार्थ्याला विद्यार्थी विकास मंडळाने तात्पुरती उचल द्यावी आणि शासनाकडून आली की वळती करून घ्यावी. एवढ्याने कितीतरी मुलांचं वर्ष वाचेल.

आणि पाचवी गोष्ट, जी सहसा या चर्चेत येत नाही. आपल्याच विद्यापीठातून एम.कॉम., नेट, पीएच.डी. झालेले अनेक जण आज तासिका तत्त्वावर शिकवतात. सुट्टीत मानधन नाही, पुढच्या वर्षीची खात्री नाही. गरीब घरातून येऊन सर्वांत जास्त शिकलेली ही माणसं. शिक्षणाने माणूस वर येतो, हे मुलांना त्यांनी कोणत्या तोंडाने सांगायचं? रिक्त जागांची भरती शासनाच्या हातात आहे हे खरं, पण विद्यापीठाच्या हिशेबात या शिक्षकांचाही समावेश व्हावा. ते आपलेच पदवीधर आहेत.

आपल्या विद्यापीठाच्या नावामागे जो विचार आहे तोच मी इथे मागते आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. शेतकऱ्यांच्या घामातून सरकारचा महसूल येतो आणि तो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हे त्यांनी त्यात परखडपणे मांडलं. आणखी एक मुद्दा त्यांनी मांडला, जो आज कमी आठवला जातो. अनेकांना निरनिराळ्या अडचणींमुळे महाविद्यालयात जाऊन शिकता येत नाही, म्हणून घरी अभ्यास करणाऱ्यांनाही पदवी परीक्षांना बसू द्यावं, अशी त्यांची मागणी होती. ज्याच्या दिवसावर दुसऱ्याचा हक्क आहे अशा विद्यार्थ्याचा विचार त्यांनी तेव्हा केला होता. पुढे १९१९मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि श्रम करून शिकणाऱ्या मुलाला प्रतिष्ठा दिली. आपल्या विद्यापीठाच्या योजनेला त्यांचं नाव आहे. फुल्यांचा तो विद्यार्थी आणि कर्मवीरांचा तो विद्यार्थी आज चाकणच्या बसमध्ये बसलेला आहे. त्याच्याकडे दोन्ही आहे, श्रमही आणि प्रवेशही. फक्त ते दोन्ही एकत्र जुळवून देणारी व्यवस्था त्याला हवी आहे.

विद्यापीठाने मोठे बदल आजवर पेलले आहेत. १९४९मध्ये डॉ. मु. रा. जयकरांच्या कारकिर्दीत ते सुरू झालं तेव्हा त्याचं कार्यक्षेत्र कितीतरी मोठं होतं. १९६२मध्ये शिवाजी विद्यापीठ आणि १९९०मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते तीन जिल्ह्यांपुरतं राहिलं. क्षेत्र लहान झालं, पण याच तीन जिल्ह्यांत पिंपरी, चाकण, रांजणगाव, सातपूर, अंबड असे औद्योगिक पट्टे आले. राज्यातला कामगार तरुण इतक्या मोठ्या संख्येने ज्यांच्या दारात आहे अशी विद्यापीठं देशात थोडीच असतील. हा हिशेब सुरू करायला याहून योग्य जागा दुसरी नाही.

म्हणून माझी ठोस विनंती अशी. सुरुवात पिंपरी-चिंचवड शहर आणि खेड, मावळ तालुक्यांतल्या महाविद्यालयांपासून करावी. तीन वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेल्या आणि त्याच तुकडीत अर्धवट राहिलेल्या विद्यार्थ्यांचा नमुना घेऊन पहिलं सर्वेक्षण एका शैक्षणिक वर्षात पूर्ण करावं. त्याचा अहवाल मार्चमध्ये अर्थसंकल्पासोबत अधिसभेत मांडावा आणि मराठीत छापावा, म्हणजे तो पालकांनाही वाचता येईल. त्यावर अधिसभेच्या सदस्यांनी, प्राचार्यांनी आणि कंपन्यांच्या प्रतिनिधींनी चर्चा करावी. नंतर दरवर्षी त्यात नाशिक आणि अहिल्यानगर यांची भर घालत जावी, आणि २०२९नंतरचा बृहत् आराखडा या आकड्यांच्या आधारावरच लिहिला जावा.

आकडे निराशाजनक आले तर विद्यापीठाची बदनामी होईल, अशी शंका कुणी घेईल. मला तसं वाटत नाही. आपल्या मुलांचं पुढे काय झालं हे विचारणाऱ्या संस्थेवर पालकांचा विश्वास वाढतो. आकडे वाईट असतील तर दोष फक्त विद्यापीठाचा नाही, हेही त्याच अहवालातून दिसेल. कंत्राटी पद्धतीचा, शासनाच्या उशिराचा, उद्योगांच्या टाळाटाळीचा वाटा त्यात मोजता येईल. मग विद्यापीठ शासनाशी आणि उद्योगांशी बोलेल ते पुराव्यानिशी बोलेल. आज आमच्यासारखे शिक्षक नुसते अनुभव सांगतात आणि ते ऐकून सोडून दिले जातात.

या कामात आम्ही मदत करायला तयार आहोत. शिकवण्या घेणारे माझ्यासारखे शिक्षक, माजी विद्यार्थी, सोसायट्यांतले निवृत्त कामगार, ज्यांना या भागातल्या प्रत्येक कंपनीचं गेट माहीत आहे, असे खूप लोक आहेत. मुलांचे फोन नंबर बदलतात, पण त्यांची घरं आम्हाला माहीत असतात. विद्यापीठाने यादी द्यावी, आम्ही मुलं शोधून देऊ.

या पत्रावर येत्या अधिसभेत चर्चा व्हावी आणि पहिल्या सर्वेक्षणाची तारीख जाहीर व्हावी, एवढी अपेक्षा करते.

आपली नम्र,
रहाटणीतील एक शिक्षिका